कर्णिककाकांची लांबची प्रत

आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, तुरीच्या डाळीच्या डब्याशेजारी, कर्णिककाकांची कवळी असायची. काका स्वतः वरच्या मजल्यावर राहायचे आणि त्यांच्या तोंडात एक कवळी असायचीच. ही जास्तीची. चपट्या स्टीलच्या डब्यात, वर दोन रबरबँड, आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली: 'कर्णिक. लांबची.' एकदा माझे मामा आलेले, त्यांनी जेवण झाल्यावर बडीशेप समजून तो डबा उघडला. त्यानंतर मामा आमच्याकडे आले की नुसतं पाणी प्यायचे.

आता 'लांबची' म्हणजे काय ते कळल्याशिवाय कर्णिककाका कळणार नाहीत, म्हणून ते आधी सांगून टाकतो.

काका पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला होते. पंप विकला गेला की कारखान्याचं काम संपायचं आणि काकांचं सुरू व्हायचं. नांदेडला पंप बंद पडला की काका नांदेडला, जळगावला पडला की जळगावला. रानात विहिरीच्या काठावर बसून पंप खोलायचा, तर आत बोटाएवढा एक वॉशर गेलेला असायचा, आणि तो वॉशर पंचक्रोशीत कुठे मिळायचा नाही. तेव्हा काकांनी नियम केला की प्रत्येक वस्तू दोन घ्यायची. एक जवळची, एक लांबची. जवळची वापरायची आणि लांबची दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवायची. का, असं विचारलं की काका बोट वर करून म्हणायचे, "जवळचं जातं, लांबचं राहतं."

नोकरीत हा नियम ठीक होता. काकांनी तो डोंबिवलीत, आमच्या तीन मजली सोसायटीत आणला. त्यांच्या घराची लांबची किल्ली आमच्याकडे. लांबचा चष्मा कल्याणला बहिणीकडे. लांबची छत्री डोंबिवली पश्चिमेला एका वाण्याकडे, कारण "उद्या पूर्वेला काही झालं तर पश्चिम आहे." छत्रीसाठी पूर्वेला असं काय होणार होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण पावसात सापडले की ते भिजत भिजत पूल ओलांडून पश्चिमेला जायचे, छत्री घ्यायचे आणि ऐटीत कोरडे परत यायचे.

कागदांच्या बाबतीत तर विचारू नका. रेशनकार्डाची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स, आणि कुठली कुठे ठेवली आहे त्याची यादी, दोन प्रतींत. रेल्वेचा पास काढला की आधी झेरॉक्सच्या दुकानात. एकदा तिकीट तपासनिसानं पकडलं, तर काकांनी शांतपणे झेरॉक्स पुढे केली. तो म्हणाला, पास कुठे आहे? काका म्हणाले, "घरी. हरवू नये म्हणून सुरक्षित ठेवलाय." त्या माणसानं त्यांना ठाण्याला उतरवलं आणि दंड लावला. काकांनी दंड भरला, आणि स्टेशनाबाहेर येऊन आधी पावतीची झेरॉक्स काढली.

सोसायटीच्या सभेत कुणीतरी एकदा सुलूकाकूंसमोरच त्यांना विचारलं, "काका, बायकोची लांबची प्रत कुठे ठेवलीत?" सगळे हसले. काकूंनी डोकंसुद्धा वर केलं नाही. शेंगा निवडता निवडता म्हणाल्या, "मीच लांबची. जवळची कुठे आहे ते यांना विचारा, महिन्यातले वीस दिवस तिकडेच असतात." काका लाजून पंख्याकडे बघायला लागले.

काकू पंचाण्णव साली गेल्या. आठ दिवसांचा ताप, आणि संपलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. काका नुकतेच निवृत्त झालेले. त्यानंतर दीडेक वर्ष ते कुणाशी फारसं बोललेच नाहीत. मग एक दिवस रिक्षातून दोन खोकी घेऊन उतरले. कॉम्प्युटर आणलेला. एकच आणला म्हणून मी चाट पडलो, पण माऊस दोन होते.

इथे मी येतो. आमच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी मागच्या खोलीत आई आणि मी राहायचो, आणि पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. त्या काळात डोंबिवलीत दर दोन बिल्डिंगांमागे एक क्लास होता, त्यातला हा एक. सहा कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात सातवा, मोठा, तो सर्व्हर. मुलं ज्या सहा मशीनवर काम करायची त्यांच्या सगळ्या फाइली त्या सातव्यात जाऊन पडायच्या. आई त्याला 'थोरला' म्हणायची. सकाळी केर काढताना विचारायची, "थोरला बरा आहे ना रे आज?"

मी काकांना एकदा सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये जे असतं त्याची दुसरी प्रत काढून दुसरीकडे ठेवतात, त्याला बॅकअप म्हणतात. काका खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. "म्हणजे इतकी वर्षं मी जे करतोय त्याला नाव आहे तर," काका म्हणाले, आणि इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे बिरडं पाठवलं. स्वतः केलेलं. वाल जरा कच्चे होते, पण भावना शिजलेल्या होत्या, असं आई म्हणाली.

कॉम्प्युटर घेतला कशासाठी, तर कॅलेंडरांसाठी. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत आपल्याकडे सगळ्याच बायका काही ना काही लिहितात. गॅस कधी लावला, दुधाचा खाडा कधी, कुणाचं बारसं कधी. सुलूकाकूंनी एकवीस वर्षं लिहिलेलं, आणि काकांनी ती एकवीसही कॅलेंडरं माळ्यावर जपून ठेवलेली. त्यांची मात्र झेरॉक्स काढायची राहिली होती. आणि नेमकी त्यांनाच वाळवी लागली.

"हात लावला की पान हातात येतं," काका म्हणाले. "रोज एक पान टाइप करतो. एक पान म्हणजे एक महिना. टाइप होईतो टिकलं की झालं." वाचून झालं की पानाचा भुगाच उरायचा, तो ते मागच्या अंगणातल्या नारळाच्या मुळाशी घालायचे. म्हणजे काकांच्या आयुष्यात पहिल्यांदाच अशी गोष्ट आलेली जिची मूळ प्रत दिवसागणिक संपत होती. जे काही उरणार होतं ते त्या कॉम्प्युटरमधल्या एका फाइलमध्ये.

तर ती फाइल लांब ठेवायला हवी होती. काका क्लासमध्ये आले आणि थोरल्याकडे बघत म्हणाले, "हा माझी एक फाइल सांभाळेल का?"

मी म्हटलं, "काका, फ्लॉपीवर घ्या आणि द्या कल्याणला बहिणीकडे."

"तिला काय कळतंय त्यातलं."

"पण हा थोरला तर तुमच्या पलंगाच्या बरोबर खाली आहे. हे कसलं लांब?"

"जिना आहे ना मध्ये," काका म्हणाले.

काकांच्याच नियमानं हे बसत नव्हतं. ज्या माणसाची छत्री रूळ ओलांडून पलीकडे राहायची, त्याला एक जिना लांब वाटायचं कारण नव्हतं. पण मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, मला इतका विचार करायची सवय नव्हती. मी हो म्हटलं.

काकांनी वायर आणली. दोन आणल्या, हे सांगायला नको. एक वायर त्यांच्या खिडकीतून निघाली, अंगणातल्या नारळाला वळसा घालून खाली आली आणि क्लासच्या खिडकीतून आत शिरली. सरळ खाली का नाही सोडली, तर "ताण पडतो." दुसरी वायर, लांबची, त्यांनी शेजारच्या म्हात्रेवहिनींकडे ठेवायला दिली. बिल्डिंगची जागा मूळची म्हात्र्यांचीच. वहिनींनी ती वायर गच्चीवर बांधली आणि तिच्यावर पापड वाळत घातले.

रोज संध्याकाळी काका एक पान टाइप करायचे, मग एक बटण दाबायचे, आणि फाइलची प्रत वायरीतून थोरल्याकडे यायची. पडद्यावर तसं लिहूनही यायचं. पण काकांचा यंत्राच्या शब्दावर विश्वास नव्हता. पंप चालू आहे असं गेज सांगतो आणि पाणी येत नाही, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणून बरोबर सहाला ते जिना उतरून क्लासच्या दारात यायचे आणि विचारायचे, "पोचलं का?"

मी थोरल्यात बघायचो. "पोचलं, काका."

मग ते आत येऊन बसायचे. आई चहा आणायची. मी विचारायचो, "आज काय पाठवलंत?" आणि ते सांगायचे, "आज जून अठ्ठ्याहत्तर. पाणी फार कमी आलेलं जूनमध्ये." पोरांना हे ऐकून हसू आवरायचं नाही. मलाही नाही. एकदा काका वर गेल्यावर मी ती फाइल उघडून क्लासमध्ये मोठ्यानं वाचली. काकांनी मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. "नऊ, गॅस लावला. अकरा, काही नाही. बारा, पत्र नाही. तेरा, पत्र नाही." 'काही नाही' हे इतक्या वेळा होतं की पुढे आठवडाभर क्लासमध्ये कुणी कुणाला काही विचारलं की उत्तर यायचं, "अकरा, काही नाही." फाजीलपणा सगळा. आणि त्याचा म्होरक्या मी.

आता त्या वायरीचा एक दुर्गुण होता. आमच्या क्लासमधली वायर एका कॉम्प्युटरच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर अशी जायची, आणि काकांचा कॉम्प्युटर त्याच रांगेतला शेवटचा. गणपतीतल्या दिव्यांच्या माळेसारखं होतं ते, एक दिवा सैल झाला की सगळी माळ बंद. वरती काकांचा कॉम्प्युटर झाडताना कामवालीनं वायर हलवली की खाली माझे सहाच्या सहा ठप्प. नारळाची झावळी पडली, ठप्प. कावळा बसला तरी थोरला विचारात पडायचा.

जुलैत मुलांची परीक्षा होती. चोवीस पोरं, सहा-सहाच्या तुकड्या, दोन तासांचा पेपर. पाऊण तास झाला आणि सगळे पडदे जागच्या जागी थिजले. मी धावत अंगणात गेलो तर वायर पार जमिनीला टेकलेली, आणि तिच्यावर म्हात्रेवहिनींची ओली गोधडी.

"वहिनी, अहो ही कॉम्प्युटरची वायर आहे."

"कर्निकांनी मलापन दिलेली हाय तसलीच," वहिनी म्हणाल्या. "तिच्यावर पापड वालतात, गोधडी का नाय वालनार?"

"अहो, माझी परीक्षा बंद पडली."

"मंग कपडे कुठं वालत घालू, तुझ्या थोरल्याच्या डोक्यावर?"

पोरांनी पाऊण तास लिहिलेलं सगळं गेलं. दोन पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं. पालक भांडायला आले. आणि त्या रात्री मी ठरवलं की काकांची वायर काढायची.

पण काकांना सांगायचं कसं? रोज सहाला दारात उभा राहून "पोचलं का" विचारणाऱ्या माणसाला "उद्यापासून नाही" म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. म्हणून मी चोरटा मार्ग काढला. काका कल्याणला बहिणीकडे गेले, त्या दुपारी मी त्यांच्या घरात शिरलो. किल्ली आमच्याकडेच होती, लांबची. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मी अशी व्यवस्था केली की बटण दाबलं की फाइलची प्रत वायरीतून खाली न जाता त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या एका कोपऱ्यात जाऊन पडेल, आणि पडद्यावर मात्र 'पोचली' असंच येईल. मग खाली येऊन त्यांच्या वायरीचं टोक सोडवलं आणि कपाटामागे टाकून दिलं. थोरल्यावरची त्यांची जुनी प्रतही पुसली, जागा तरी कशाला अडवायची म्हणून. हे शेवटचं करायची काही गरज नव्हती. ते मी निव्वळ रागानं केलं.

त्या दिवसापासून माझा क्लास सुरळीत चालू झाला. काका सहाला यायचे. "पोचलं का?" मी थोरल्याकडे बघायचो, उगाच दोन बटणं दाबायचो. "पोचलं, काका." पहिले चार दिवस जीभ अडखळली. मग सवय झाली. खोटं बोलायला फार दिवस लागत नाहीत.

गणपतीत मी क्लास पाच दिवस बंद ठेवला आणि आईला घेऊन गावी गेलो. परत आलो त्या संध्याकाळी सहाला काका हजर. "पाचही दिवसांचं पोचलं का रे?"

"पोचलं, काका," मी म्हटलं. "पाचही दिवसांचं."

काका माझ्याकडे जरा बघत राहिले. मग म्हणाले, "वा. छान," आणि चहाला बसले.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. कवळीचा डबा बघायला काका पूर्वी महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. गणपतीनंतर ते दर रविवारी यायला लागले. फडताळातून डबा घ्यायचे, आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहायचे, काहीतरी खुडबुड करायचे, रबरबँड चढवून डबा परत ठेवायचे. मी आईला विचारलं, दर आठवड्याला कवळी लावून बघतात की काय? आई म्हणाली, "वयानं हिरड्या बदलतात. तुला काय करायच्यात चौकशा?"

दिवाळी होऊन गेली. एका सकाळी लाइट तीनदा गेले आणि तीनदा आले, चौथ्यांदा आले ते भलत्याच जोरात. आमचा मिक्सर गेला. तासाभरानं काका खाली आले. अंगात धुतलेला शर्ट, केस विंचरलेले.

"जवळचं गेलं," ते म्हणाले. "कॉम्प्युटर उघडतच नाही. आतून टक टक येतंय." आणि खुर्ची ओढून थोरल्यासमोर बसले. "चल, लांबचं काढ."

एकवीस वर्षांपैकी अठरा वर्षं टाइप झालेली. त्या अठरा वर्षांची पानं नारळाच्या मुळाशी. ज्या कॉम्प्युटरवर मी दोन्ही प्रती ठेवून दिल्या होत्या तो वर टक टक करत होता. आणि थोरल्यात काय होतं? काही नाही.

"संध्याकाळी काढतो, काका," मी म्हटलं. "आत्ता बॅच आहे." बॅच नव्हती. क्लास रिकामा होता, ते काकांनाही दिसत होतं. ते "बरं" म्हणून वर गेले.

मी 'दुरुस्त होतो का बघतो' म्हणून त्यांच्याकडे जाऊन कॉम्प्युटर खोलला, डिस्क काढली, आणि स्कूटरवरून कल्याणला एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं डिस्क कानाशी धरली, जरा हलवली, आणि मान हलवली. मी म्हटलं, काहीतरी कर. तो म्हणाला, "बॅकअप नाय घेतलेला काय?" येताना मी शीळफाट्याच्या बाजूनं आलो. तो रस्ता कितीतरी लांबचा पडतो, पण मला घरी पोचायचंच नव्हतं. सुलूकाकूंच्या हाताची मी लहानपणी खाल्लेली एकेक वस्तू त्या रस्त्यावर मला आठवली. त्यांचं जे काही लिहिलेलं मागे राहिलं होतं, ते पुसणारा मी होतो.

सहाला काका आले. आज त्यांनी विचारलं नाही. नुसते दारात उभे राहिले. मग मीच बोललो. वायर, किल्ली, कपाटामागचं टोक, पुसलेली प्रत, सगळं सांगून टाकलं. काकांकडे बघवत नव्हतं, म्हणून थोरल्याकडे बघून सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुम्ही मला दोन थोबाडीत द्या."

"एक पुरे की," काका म्हणाले. "दुसरी लांबची ठेवू."

मी वर बघितलं. काका खुर्चीत बसले होते आणि चहाची वाट बघत होते.

"गणपतीत कळलं मला," ते म्हणाले. "तुम्ही गावी. क्लासला कुलूप, मेन स्विच बंद, तो मीच बंद केलेला, तुझ्या आईनं जाताना सांगितलं म्हणून. आणि वर माझा पडदा रोज म्हणतोय, पोचली. बंद पडलेल्या पंपातून पाणी येतं कधी? त्यावर तू येऊन सांगतोस, पाचही दिवसांचं पोचलं." त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "वहिनी, माझा डबा आणता का?"

आई डबा घेऊनच दारात उभी होती. दोन रबरबँड, झाकणावर 'कर्णिक. लांबची.' काकांनी तो उघडला. आत कवळी नव्हती. चार फ्लॉप्या होत्या, रुमालात गुंडाळलेल्या.

"कवळी कधीच परत नेलीय त्यांनी," आई मला म्हणाली. "तुझ्या थोरल्याचा भरवसा नाही असं आपण गावाहून आलो तेव्हाच मला सांगितलं. तुला सांगू नका म्हणाले, तू खजील होशील."

मी फ्लॉपी मशीनमध्ये घातली. पडद्यावर अक्षरं आली, तीच, अठ्ठ्याहत्तरची. काका म्हणाले, "वाच." क्लासमध्ये खिदळत जी वाचली होती तीच पानं मी आता आईसमोर वाचायला लागलो.

"नऊ, गॅस लावला. दहा, हे नांदेडला गेले. अकरा, काही नाही. बारा, पत्र नाही. तेरा, पत्र नाही. बोंबील आणले, एकटीला जाईनात, म्हात्रेवहिनींना दिले. चौदा, पत्र नाही. पंधरा, हे पोचले."

पुढच्या महिन्यात जळगाव. त्याच्या पुढे सोलापूर. प्रत्येक वेळी तेच. हे गेले, काही नाही, पत्र नाही, हे पोचले.

"पोचल्याचं कार्ड टाकायचो," काका म्हणाले. "त्याला चार-पाच दिवस लागायचे. मी तिकडे पंप दुरुस्त करून मोकळाही झालेलो असायचो, आणि इकडे ती त्या दिवशी लिहायची, हे पोचले. मला ठाऊकच नव्हतं रे. टाइप करायला बसलो तेव्हा कळलं."

आई पदरानं डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. मला एकच गोष्ट समजत नव्हती. मी विचारलं, "काका, मी खोटं बोलतोय हे तुम्हाला ठाऊक होतं. लांबची प्रत डब्यात होती. मग रोज सहाला खाली येऊन विचारायचात कशाला?"

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला.

"आता मी दौऱ्यावर कुठे जातो?" ते म्हणाले. "एक जिना उतरून येतो, तेवढाच दौरा. तू पोचलं म्हणायचास. खोटं का होईना, दिवसातून एकदा कुणीतरी म्हणायचं. मला तेवढं पुरायचं."

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो, तर ते म्हणाले, "उठ, उठ, कंबर एकच असते माणसाला." चहा प्यायले, डबा आईकडे परत दिला, आणि निघाले. मी कपाट सरकवलं, मागचं टोक काढलं, त्यावरची जळमटं पुसली आणि वायर परत थोरल्याला लावली. पुन्हा माळ बंद पडली असती तर पडली असती.

काका जिना चढत होते. अलीकडे त्यांना वेळ लागायचा. एकेक पायरी, मध्ये दम, परत एक पायरी. वरचं दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली, "काका, पोचलात का?"

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला आणि खिडकी उघडली.

"पोचलो रे," काका म्हणाले.